ट्रायलोबाइट कोकणात सापडत नाही. मग कपाटातला आला कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की कोकणात चिरेखाणी पुन्हा सुरू होतात, विहिरींची कामे निघतात, रस्ता रुंद करायला कातळ फोडला जातो. मग 'अमुक गावात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री जीव सापडला' अशी एखादी बातमी फोटोसकट फिरू लागते. हल्ली या बातम्यांत ट्रायलोबाइट या खंडाखंडांच्या कवचाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे नाव वरचेवर दिसते. पर्यटनस्थळी शंख-शिंपल्यांच्या दुकानांत 'अस्सल ट्रायलोबाइट' मांडलेले असतात, आणि शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत एखादा नमुना चिठ्ठीविना धूळ खात पडलेला असतोच. आम्ही भूशास्त्र शिकवणारी मंडळी. या विषयात लोकांना रस वाटतो याचा आनंदच आहे. पण प्राण्याचे नाव आधी आणि दगडाची चौकशी नंतर (किंवा कधीच नाही), हा क्रम उलटा आहे. तो सुलटा कसा करायचा, एवढ्यासाठी हे पत्र.

ट्रायलोबाइट पृथ्वीवर दिसू लागले ते सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी आणि त्यातले शेवटचे संपले ते पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी. आता कोकणातले खडक पाहा. सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचा काळवत्री दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. हा लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे शेवटचा ट्रायलोबाइट मेल्यानंतर १८ कोटींहून अधिक वर्षांनी. सड्यावरचा जांभा त्याच बेसॉल्टच्या कुजण्यातून झालेला, म्हणून त्याहूनही अलीकडचा. उलट सिंधुदुर्गात दक्षिणेकडे, रेडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला, लाव्ह्याखालून जे जुने पट्टिताश्म, लोहखनिजाचे खडक आणि क्वार्टझाइट उघडे पडले आहेत ते ट्रायलोबाइटच्या कितीतरी आधीचे. ते तयार झाले तेव्हा कवचधारी प्राणीच नव्हते. थोडक्यात, आपल्याकडचा खडक एक तर फार जुना, नाही तर फार नवा. मधली ५२ ते २५ कोटी वर्षांची पाने आपल्या पुस्तकात नाहीतच. नदीने कुठून वाहून आणला असेल म्हणावे, तर कोकणच्या नद्या आखूड, आणि त्या उगम पावतात तो घाटही बेसॉल्टचाच.

जांभ्यात तर दुहेरी अडचण. ट्रायलोबाइटचे कवच कॅल्साइटचे असते, आणि जांभा तयार होतो तो मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याने चुना, सिलिका धुऊन नेल्यावर मागे राहिलेल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांतून. चुन्याचे कवच अशा जागी टिकायचेच नाही.

मग लोकांना दिसते ते काय असते? चिरेखाणीत बहुधा लोहाचे गोटे, नळ्या आणि थरांचे अंडाकृती गुंडाळे. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट किंवा अकीक साठलेला असतो. अकीकाचे पट्टे आडवे कापले गेले की एखाद्या खवलेदार प्राण्याच्या पाठीसारखे भासतात. दगडाच्या फटीत मँगनीजची काळी जाळी पसरते, तिला लोक नेच्याचे पान समजतात. घरातल्या शहाबादी फरशीवरही ती असते. फरशीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही दगड ट्रायलोबाइटच्या आधीच्या समुद्रांतले मानले जातात, तर जैसलमेरचा पिवळा चुनखडक ज्युरासिक, म्हणजे ट्रायलोबाइट नामशेष झाल्यानंतरचा. त्यात शिंपले दिसतील, अमोनाइट हा चक्राकार शंखाचा जीवही दिसेल, ट्रायलोबाइट नाही.

किनाऱ्यावर फसवणारे जिवंत प्राणी आहेत. भरतीच्या खडकांना घट्ट चिकटून बसणारा चिटॉन लांबट वाटोळा असतो आणि पाठीवर आठ आडव्या पट्ट्या असतात. पण ट्रायलोबाइटसारखे पाठीवर लांबीच्या दिशेने दोन खोल चरे नसतात, डोळे असलेले वेगळे डोके नसते, आणि कडेने मांसल पट्टा असतो. माशाच्या कल्ल्यात किंवा तोंडात चिकटून राहणारा पांढुरका किडा, बाजारात मासे साफ करताना बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तो आयसोपॉड वर्गातला. वाळवून ठेवला तर पटकन 'ट्रायलोबाइट' म्हणून खपेल. त्याच्या धडाला सात खंड असतात, पाठीला एकच फुगवटा असतो. नालखेकडा ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावरचा. दुकानांत वाळवलेली पिल्ले येतात, पण मागची लांब सुईसारखी शेपटी पाहिली की ओळख पटते.

किनाऱ्यावर जे खरोखर जीवाश्मांनी भरलेले आहे त्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट सांधून झालेला जो दगड आपण करळ म्हणतो, त्यात कालवे, तिसऱ्या, मळसूत्री शंख, बार्नॅकल असे सगळे सापडते. भूशास्त्राच्या हिशेबाने तो कालपरवाचा, पण समुद्राची पातळी कुठे होती हे सांगायला अतिशय कामाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखालच्या मातीत लिग्नाइट (कच्चा कोळसा) आणि झाडापाल्याचे अवशेष निघतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मधल्या गोड्या पाण्याच्या गाळात बारीक बेडकांचे सांगाडे सापडले, त्यांचे वर्णन १८४७ साली प्रसिद्ध झाले. बातमीच हवी असेल तर या गोष्टी बातमीच्या आहेत.

आता कपाटातल्या नमुन्याकडे. तो बाहेरून आलेला आहे हे एकदा मान्य केले की ओळख पटवण्याचे काम सुरू होते.

पहिली खूण नावातच आहे (ट्रायलोबाइट म्हणजे तीन खंडांचा), पण ती नेमकी चुकीची वाचली जाते. तीन खंड म्हणजे डोके, धड, शेपूट नव्हे. लांबीच्या दिशेने दोन चर जातात आणि पाठीचे तीन पट्टे पाडतात: मधला फुगीर कणा आणि दोन बाजूंच्या फासळ्या. डोके, धड, पुच्छ ही आडवी विभागणी तर कितीतरी प्राण्यांत असते. उभे दोन चर नसतील तर तिथेच थांबावे.

दुसरे, डोक्याचा मधला फुगवटा, म्हणजे ग्लॅबेला. तो पुढे रुंद होतो की निमुळता, त्यावर आडव्या खाचा किती आणि त्या मध्यापर्यंत मिळतात की कडेलाच संपतात, हे १० पटीच्या भिंगातून पाहून कागदावर काढावे. रेखाटन करायला कंटाळा करू नये. फोटोत जे सुटते ते पेन्सिलीने काढताना सापडते. डोळ्याजवळून एक बारीक शिवण जाते, कात टाकताना डोके या शिवणीवर उकलते. ही शिवण डोक्याच्या मागच्या कडेला बाहेर पडते की बाजूच्या कडेला, यावर गट ठरतो. बहुतेकांत ती मागे जाते; फॅकॉप्सच्या कुळात बाजूला. कॅम्ब्रियन या ट्रायलोबाइटच्या सुरुवातीच्या काळातल्या ओलेनेलस गटात पाठीवर ही शिवण मुळी नसतेच.

तिसरे, धडाचे खंड मोजणे. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण पुच्छावरही खंडांसारख्या वळ्या असतात आणि त्या धडात मोजल्या जातात. धडाचा प्रत्येक खंड सुटा असतो, त्याच्या फासळीचे टोक कडेला मोकळे दिसते; पुच्छाच्या वळ्या एकाच तुकड्यात जोडलेल्या असतात आणि कड बहुधा सलग असते. मोजणी डोक्याकडून पुच्छाकडे करावी, कण्यावर एकदा आणि उजव्या-डाव्या फासळ्यांवर एकेकदा. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. ॲग्नोस्टस गटात धडाचे खंड अवघे २ असतात, डोके आणि पुच्छ जवळपास सारखे दिसते आणि पूर्ण प्राणी काही मिलिमीटरचा असतो. ॲसाफस कुळात खंड ८, फॅकॉप्समध्ये ११, एल्राथिया किंगीमध्ये १३. पॅराडॉक्साइड्समध्ये खंड बरेच आणि पुच्छ अगदी चिमुकले. आकारावर जाऊ नये: कॅनडातल्या मॅनिटोबात सापडलेला आयसोटेलस रेक्स ७० सेंटिमीटरहून लांब आहे आणि दुसऱ्या टोकाला मसूरडाळीएवढेही नसणारे आहेत.

चौथे, डोळे. कॅल्साइटची भिंगे हे ट्रायलोबाइटचे वैशिष्ट्य. बहुतेकांत ती अतिशय बारीक, एकमेकांना लागून बसवलेली असतात आणि साध्या भिंगातून डोळा गुळगुळीतच दिसतो. फॅकॉप्समध्ये भिंगे मोठी, सुटी, रांगेने मोजता येतील अशी असतात. काही जातींना डोळे नसतातच, म्हणून डोळा न दिसणे हा नमुना खोटा असल्याचा पुरावा नाही.

अर्धवट नमुना मिळाला म्हणून हिरमुसायचे कारण नाही. कवच टाकलेली मऊ कुर्ली ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको: एकच ट्रायलोबाइट आयुष्यात अनेकदा कात टाकायचा, त्यामुळे सापडणारे बरेचसे जीवाश्म प्राण्याचे नसून त्याने टाकलेल्या कवचाचे असतात. गाल निखळलेले, मधले डोके सुटे, पुच्छ तिसरीकडे. डोक्याचा मधला भाग आणि पुच्छ एवढ्यावर जात ओळखता येते. नुसत्या धडावरून मात्र कुळाच्या पलीकडे जाऊ नये.

फोटोबद्दल एक सूचना, ही वार्ताहरांनाही लागू आहे. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, दगडाच्या पृष्ठभागाशी १५-२० अंशांच्या कोनात, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. प्रकाश खालून टाकला तर खोलगट ठसा फुगीर दिसतो आणि फुगीर कवच खोलगट. नमुना आतला साचा आहे, बाहेरचा ठसा आहे की खुद्द कवच आहे, हे त्यामुळे उलटेपालटे होते. नाण्याचा किंवा पेनचा फोटो मापाला चालत नाही असे नाही, पण पट्टी कुठेही स्वस्तात मिळते. महाविद्यालयात नवसागराचा पांढरा धूर देऊन बारकावे उठवण्याची पद्धत आहे; कोकणच्या दमट हवेत तो थर लगेच ओलावा धरतो, म्हणून फोटो झाल्याबरोबर धुऊन नमुना कोरडा करावा.

बाजारातला माल दोन जागचा जास्त. छोटा काळा सुटा ट्रायलोबाइट बहुधा अमेरिकेतल्या यूटाचा एल्राथिया किंगी असतो, कॅम्ब्रियनमधला, सुमारे ५०.५ कोटी वर्षांचा. तो इतका विपुल निघतो की खोटा करणे परवडत नाही. पोटाच्या बाजूला कॅल्साइटचा जाड थर वाढलेला असल्याने तो शेलमधून (चिखल दबून झालेल्या दगडातून) आपोआप सुटा होतो. दुसरा माल मोरोक्कोचा: डेव्होनियन या कॅम्ब्रियननंतरच्या काळातल्या चुनखडकातला फॅकॉप्सचा गट, काट्याकुट्यांचे नमुने, आणि हातभर लांब तपकिरी पॅराडॉक्साइड्ससारखे. हे शेवटचे मोठे तबक स्वस्तात मिळत असेल तर ते ओतकाम समजूनच पुढे जावे. अस्सल नमुन्यांतही मोडलेला भाग रेझिनने भरलेला असतो. ते लबाडीत धरायचे की दुरुस्तीत, हे विक्रेत्याने आधी सांगितले की नाही यावर.

खोटेपणा ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंगातून बारीक गोल छिद्रे दिसली तर ते ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. खऱ्या नमुन्यात दगडातली तडा किंवा कॅल्साइटची पांढरी शीर जीवाश्मातूनही सलग जाते. खोट्यात ती जीवाश्माच्या कडेशी थबकते. दुकानातले दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. त्याच फासळीला तोच टवका असेल तर दोन्ही एकाच साच्यातले. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली रेझिन आणि डिंक निळसर-पांढरे चमकतात. कॅल्साइटही कधीकधी चमकतो, म्हणून नुसती चमक पाहू नये, चमकीचे ठिगळ पाहावे. ॲसिटोनचा बोळा कडेला फिरवला तर रंग उतरतो. तापवलेली सुई मागच्या बाजूला टेकवली तर प्लास्टिकचा वास येतो.

घनता काढणे सर्वांत खात्रीचे आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होणारे. आधी नमुना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नमुना दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर नमुन्याचे आकारमान. २७० ग्रॅमचा दगड १०० ग्रॅम दाखवत असेल तर घनता २.७, म्हणजे चुनखडकाला साजेशी. निव्वळ रेझिन १.१ ते १.३ च्या आसपास येते, दगडाची भुकटी मिसळली तर त्याहून जास्त, पण २.५ गाठणे त्याला जड जाते. बुडबुडे चिकटले तर आकारमान फुगते आणि घनता खोटी कमी येते, म्हणून बुडवण्यापूर्वी नमुना ओल्या ब्रशने पुसावा. खऱ्या दगडावर खोटा प्राणी चिकटवला असेल तर ही परीक्षा फसते, हेही लक्षात ठेवावे. आणि भुसभुशीत शेल किंवा गंधकयुक्त नमुना पाण्यात घालूच नये.

आम्लाची परीक्षा दगडाची करायची, जीवाश्माची नाही. मागच्या बाजूला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. फसफसला तर चुनखडक. ओरखडून भुकटी केल्यावरच फसफसला तर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडकाचा भाऊबंद. थेंब लगेच पाण्याने धुवायचा. हाच थेंब कवचावर टाकला तर जे ओळखायचे तेच विरघळते. (आणि कोकमाच्या आगळाने कुणी परीक्षा करू नये, डाग जात नाही.)

नमुना अस्सल ठरला की खरा रस दगडात आहे: हा प्राणी कुठल्या पाण्यात राहत होता? आणि हे शिकायला कोकणासारखी जागा नाही, ट्रायलोबाइट नसला तरी.

ओहोटीच्या वेळी गुहागरसारख्या उघड्या पुळणीवर जा. लाटा वाळू धुतात, बारीक चिखल राहत नाही, वाळूवर तरंगखुणा उमटतात आणि सुटे शिंपले बहुतेक पाठ वर करून पडलेले दिसतात, कारण उताणा शिंपला प्रवाह उलटवतो आणि पालथा मात्र स्थिर राहतो. त्याच दिवशी दाभोळच्या खाडीत कांदळवनाच्या बुंध्याशी काठी खुपसा: वर तपकिरी थर, खाली काळा चिखल, सडक्या अंड्याचा वास. प्राणवायू संपल्यावर जिवाणू गंधक मोकळे करतात, त्याचे लोहाशी संयुग होऊन चिखल काळा पडतो. हाच चिखल दबून दगड झाला तर काळा, गंधकयुक्त लोहाचे सोनेरी कण असलेला शेल.

आता कपाटातला दगड वाचा. कण किती बारीक? कडेचा कण दाताखाली धरला आणि कचकच लागली तर रेती मिसळलेला गाळ, लोण्यासारखा लागला तर शुद्ध चिखल (हे शेलबाबत, दुकानातल्या अनोळखी रंगवलेल्या नमुन्यावर दात लावू नये). थर मिलिमीटरभर जाडीचे, अखंड असतील तर तळाशी बिळे करणारे प्राणी नव्हते, पाणी शांत आणि प्राणवायू कमी. स्वीडनच्या काळ्या ॲलम शेलमध्ये ओलेनस गटाचे ट्रायलोबाइट नेमके असे भेटतात: जाती मोजक्या, संख्या अफाट. एल्राथियाही प्राणवायू कमी असलेल्या तळाच्या सीमेवर राहणारा मानला जातो. त्याच्यासोबत इतर तळवासी प्राणी फार थोडे मिळतात. याउलट चुनखडकात प्रवाळ, क्रिनॉइडच्या (देठ असलेल्या, तारामाशाच्या नात्यातल्या प्राण्याच्या) चकत्या आणि ब्रॅकिओपॉड हे शिंपल्यासारखे दिसणारे जीव यांच्या संगतीत ट्रायलोबाइट असेल तर उथळ, स्वच्छ, खेळत्या पाण्याचा समुद्र. ग्रॅप्टोलाइटांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या, दगडावर करवतीच्या पात्यासारख्या दिसणाऱ्या जीवांच्या) सोबत, आणि डोळे अजिबात नसलेले व डोळे डोकेभर मोठे असलेले असे दोन्ही टोकांचे ट्रायलोबाइट एकाच थरात असतील, तर खोल पाणी: आंधळे तळाला, मोठ्या डोळ्यांचे वर पोहणारे. एकट्या आंधळ्या नमुन्यावरून खोली ठरवू नये.

तुकडे कसे पडले आहेत हेही मोजावे. एका दगडावरची डोकी आणि पुच्छे वेगवेगळी मोजा. दोन्ही साधारण सारखी असतील तर ती जागच्या जागी गाडली गेली. नुसती पुच्छेच असतील, तीही एकाच मापाची, तर प्रवाहाने निवडून आणलेली. बहुतेक तुकडे पालथे असतील तर पुळणीवरच्या शिंपल्यांचाच न्याय. पूर्ण प्राणी, त्यातही अंगाची वळकटी करून बसलेले, एकाच पातळीवर बरेच असतील तर वादळाने उसळलेला चिखल एका दमात अंगावर बसला. थराच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा आणि वर बारीक होत जाणारा गाळ ही वादळाचीच खूण. दगडावर दोन समांतर ओरखड्यांचे पट्टे दिसले तर ती क्रुझियाना, गाळ उकरत पुढे सरकल्याची खूण. असा दगड प्राणी नसूनही मोलाचा, कारण कात वाहून जाते, पाऊलखूण नाही.

भारतातले चांगले ट्रायलोबाइट हिमालयातले: स्पिती, झांस्कर, काश्मीर. स्पितीतल्या पाराहिओ खोऱ्याचे भूशास्त्र भूवैज्ञानिक हेडन यांनी १९०४ मध्ये मांडले आणि तिथले कॅम्ब्रियन जीवाश्म जीवाश्मतज्ज्ञ रीड यांनी १९१० मध्ये वर्णन केले. त्या वर्णनातली एक जात आज ओरिक्टोसेफॅलस इंडिकस या नावाने ओळखली जाते. ही जात थरात पहिल्यांदा जिथे दिसते ती पातळी कॅम्ब्रियनमधल्या वुलिउआन टप्प्याची जागतिक सुरुवात म्हणून २०१८ मध्ये मान्य झाली. प्रमाण मानलेला छेद चीनच्या ग्वीझौ प्रांतातला आहे, पण नावातला 'इंडिकस' स्पितीचा. पाराहिओचे थर नद्यांनी समुद्रात ओतलेल्या गाळाचे, मुख्यतः रेती-गाळाचे. त्यात अधूनमधून चुनखडकाचे पातळ पट्टे येतात आणि ट्रायलोबाइट शोधायचे तर तिथे.

हिमालयातल्या नमुन्यांत एक खोड असते. पर्वत उचलले जाताना दगड ताणला-दाबला गेला, म्हणून एकाच जातीचा एक नमुना लांबुडका, दुसरा रुंद, तिसरा तिरपा दिसतो. लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर नवी जात ठरवण्याचा मोह इथेच होतो. उपाय साधा: एकाच दगडावर वेगवेगळ्या दिशांना पडलेले नमुने शेजारी मोजायचे. दिशेबरोबर गुणोत्तर बदलत असेल तर तो ताण आहे, जात नव्हे.

कोकणात नमुने सांभाळण्याचे दोन शत्रू आहेत आणि दोन्ही दमट हवेतून येतात. गंधकयुक्त लोहाचे नमुने (सोनेरी झाक असलेले) सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की कुजू लागतात: पांढरी-पिवळी पूड, गंधकाचा वास, तडे, आणि त्यातून सुटणारे आम्ल खालची चिठ्ठीही खाते. पावसाळ्यात आपल्याकडे हवा महिनोन्‌महिने त्या पातळीच्या वरच असते. दुसरा शत्रू लाकडी किंवा प्लायचे कपाट. लाकडातून आणि त्याच्या गोंदातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते, बंद कपाटात साठते आणि शंख-शिंपल्यांवर, चुन्याच्या जीवाश्मांवर पांढरी बुरशीसारखी पूड आणते. ती बुरशी समजून फिनेलने पुसण्याचा प्रकार चालतो. त्याने काहीच साधत नाही. नमुने घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावेत, ५ लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल पुरते. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते.

चिठ्ठी पेन्सिलीने किंवा काळ्या भारतीय शाईने. बॉलपेनची शाई पसरते आणि उडते. दगडाच्या मागे पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक, तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि वहीत. चिठ्ठीवर नाव नसले तरी चालेल, नाव पुढे कुणीही शोधू शकतो. पण ठिकाण, थर, कुणी आणि कधी आणला हे नसेल तर तो नमुना वर्गात हाताळायच्या कामाचा उरतो, संशोधनाच्या नव्हे. ठिकाण माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे लिहावे. 'बहुधा स्पिती' लिहू नये. दहा वर्षांत त्यातला 'बहुधा' गळतो.

आपल्याकडे एक विनंती. जीवाश्म सापडल्याची बातमी आली तर छापण्यापूर्वी वार्ताहराने एवढे विचारावे: दगड जागेवरून काढला की सुटा सापडला? आजूबाजूचा खडक जांभा, काळवत्री, करळ की माती? पट्टी ठेवून घेतलेला फोटो आणि तुटलेल्या बाजूचा फोटो आहे का? तुटलेल्या बाजूचा विशेष करून, कारण खऱ्या कवचाची कड दगडात पातळ रेघेसारखी दिसते आणि आत निराळा गाळ भरलेला असतो, तर लोहाच्या गोट्यात थर आतपर्यंत तसेच गेलेले असतात. उत्तरे घेऊन जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांपैकी कुणाकडे तरी फोटो दाखवावा. शहानिशा होईपर्यंत नमुना धुऊ, घासू किंवा वार्निश लावू नये, आणि विहिरीत जांभ्याखालून काळी माती व लाकडाचे तुकडे निघाले असतील तर ती माती टाकून देण्यापूर्वी किती खोलीवर लागली तेवढे दोरीने मोजून ठेवावे.

आपले,
भूशास्त्राचे काही अध्यापक
रत्नागिरी व सिंधुदुर्ग